रंगांचे थर

चित्र समोर आले, की पाहणारा प्रथम त्यात ओळखीचे काही शोधू लागतो. झाड दिसले, घर दिसले, एखादा चेहरा दिसला, म्हणजे त्याचे समाधान होते. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे मात्र ही सवय उपयोगी पडत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरपासून २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत न्यूयॉर्क येथील गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यांतील बहुतेक चित्रांत ना झाड होते, ना घर. होता तो केवळ रंग; आणि त्या रंगाच्या पोटात अर्धवट दिसणाऱ्या, अर्धवट लपलेल्या काही खुणा. 'हे कशाचे चित्र?' असा प्रश्न कोणाच्याही ओठांवर यावा, यात नवल नाही.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला. घराणे मूळचे गोव्याचे; बालपण गेले ते मुंबईत, गिरगावातील चाळीत. १९४८ साली त्यांनी सर जे. जे. कलाशाळेची पदविका मिळविली. आरंभी ते आकृती रेखाटीत. जुन्या जैन पोथ्यांतील आणि पहाडी शैलीतील लघुचित्रांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. पुढे आकृती विरत गेल्या आणि रंग तेवढा उरला. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांना रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत.

त्यांची काम करण्याची रीत मोठी विलक्षण होती. कुंचला बाजूस ठेवून ते रूळ आणि रंगाची सुरी हाती घेत. एक थर द्यावा, तो खरवडावा, त्यावर दुसरा पातळ थर चढवावा, असा क्रम चाले. कधी वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून ते अलगद उचलीत. कागदाबरोबर काही रंग निघून येई आणि खालचा थर डोकावू लागे. जुन्या घराची भिंत ज्याने निरखली आहे, त्याला हे कळणे अवघड नाही. दर दिवाळीस तिला नवा हात दिला जातो. मग एखादे वर्षी पोपडा सुटतो आणि निळ्याखालचा पिवळा, पिवळ्याखालचा आजोबांच्या वेळचा गेरू उघडा पडतो. भिंतीवर हे काम काळ करतो. गायतोंडे ते डोळ्यांत तेल घालून करीत. कोठे थांबावयाचे, हे ठरविणे त्यांत सर्वांत कठीण. सुरी एकदा अधिक फिरली, की जपलेला थर गेलाच!

म्हणूनच त्यांच्या हातून वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. चित्र काढण्यापेक्षा चित्राची वाट पाहण्यात त्यांचा अधिक वेळ जाई. १९६४ साली ते शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ साली ते दिल्लीस राहावयास गेले; पण गर्दीपासून दूर राहण्याचा त्यांचा स्वभाव पालटला नाही. १९८४ साली त्यांना अपघात झाला. मोठ्या फलकापुढे उभे राहणे कित्येक वर्षे अशक्य झाले, तेव्हा ते लहान कागदांवर शाईने रेखाटीत बसले. २००१ साली त्यांचे निधन झाले. पुढे २०१३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींहून अधिक रुपयांस विकले गेले. त्या आकड्याने अनेकांची नजर या चित्रांकडे वळली, हे खरे. पण आकडा वाचून चित्र दिसू लागत नाही.

प्रदर्शनातला प्रेक्षक चित्राचे नाव वाचण्यासाठी शेजारच्या चिठ्ठीकडे वळतो. तेथे बहुधा 'शीर्षक नाही' एवढेच शब्द असतात आणि एक साल. चिठ्ठीतून काही हाती न लागल्यामुळे तो पुन्हा चित्राकडे पाहतो. मघाशी जो भाग निव्वळ पिवळा वाटला होता, त्याच्या तळातून आता तांबूस छटा वर येत असते. तो एक पाऊल मागे सरतो, आणि तेथेच उभा राहतो.