किलोमीटर नको, पावसाळे मोजा

लोणावळ्यात बंगला असलेले बरेच जण हौसेची वेगवान गाडी इथेच ठेवतात. शनिवारी येतात, टायगर पॉइंटपर्यंत फेरी मारतात, गाडी पुन्हा शेडमध्ये. सर्व्हिसला आणली की म्हणतात, "दादा, तीन हजारसुद्धा चालली नाही, एवढं काय बदलायचं?" मी विचारतो, मागच्या सर्व्हिसनंतर पावसाळे किती गेले?

कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ अंशांपर्यंतचीच हमी उरते. मावळात पावसाळाभर भिंती घाम गाळतात, तिथे ब्रेकच्या टाकीचं झाकण आणि रबरी नळ्या किती अडवणार? आता दीड टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरवा. सुमारे पाचशे मीटरचा उतार. साधारण वीस लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर काही भार इंजिन घेतं, नाहीतर सगळा डिस्कवर. ऑइलमधल्या पाण्याची वाफ झाली की पाय थेट तळाला जातो.

गिऱ्हाईक शर्यतीचं ऑइल मागतं, डब्यावर ३०० अंशांच्या वरचा आकडा दाखवतं. मी त्याला त्याच डब्यावरचा दुसरा आकडा वाचायला लावतो, ओल मुरल्यानंतरचा. इथे तोच कामाचा. चांगलं डॉट ५.१ घ्यावं, त्याची किमान हमी २६० आणि १८० अंशांची. नुसतं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते आपल्या गाड्यांत चुकूनही ओतू नये. बाटलीही लहानच आणावी. सील फोडून फडताळात ठेवलेलं अर्धं ऑइल मी पुढच्या गाडीत घालत नाही.

हवा काढताना पोरगा पेडलवर बसतो, मी चाकापाशी. दाब, धर, सोड. पारदर्शक नळीतून आधी काळपट, गढूळ ऑइल येतं, मग बुडबुडे, मग हळूहळू मधाच्या रंगाचं. चारही चाकांना तो रंग येईपर्यंत मी उठत नाही.

पॅडच्या बाबतीत माझं मत आणखी ठाम आहे. शर्यतीचे पॅड तापल्यावर धरतात. जुलैत धुक्यातून, गार भिजलेल्या डिस्कवर, घाटाच्या पहिल्या वळणाला ते धरत नाहीत. रस्त्यावरच्या गाडीला गार असताना धरणारे पॅडच हवेत.

महाग तेच चांगलं, हा समज फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजी गिअरबॉक्सने कधीच खोटा पाडला. शेजारच्या चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयला हाच प्रकार होता. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक ऑइलमुळे, विशेषतः उष्ण, दमट हवेत आणि सारखं थांबत-चालत, विजेचा पुरवठा बिघडू शकत होता. उपाय काय, तर साधं मिनरल ऑइल! सहा गिअरच्या ओल्या क्लचवाल्या डीएसजीचं ऑइल वेगळं, तिचा हिशोब वेगळा. म्हणून 'डीएसजी ऑइल द्या' एवढ्यावर दुकानातून काही उचलू नये. गिअरबॉक्सचा नंबर घेऊन जावं.

इंजिन ऑइललाही तेच. पुढचं चकचकीत चित्र सोडून बाटली उलटी करावी, मागे गाडीच्या कंपनीचा मंजुरी क्रमांक शोधावा आणि मॅन्युअलशी ताडावा. टर्बोवाल्या इंजिनाला दाट ऑइल घातलं की ते जास्त टिकतं, हे कट्ट्यावरचं ज्ञान आहे. उभ्या गाडीचं ऑइलही वर्षाला बदलावंच. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते पुरतं तापत नाही, आत साचलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. मी ते ऑक्टोबरात काढतो, पाऊस हटल्यावर. ड्रेन नटाचा वॉशर दर वेळी नवा घालतो, आणि त्याच्या पैशांवर कुणाशी घासाघीस करत नाही.