पुतणीची वही



मी एरवी आपल्यापुढे येतो तो बियाणे, खते आणि किडी यांविषयी सांगायला. आज एका वहीविषयी सांगणार आहे. वही माझ्या पुतणीची. ती नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घेते. दिवाळीच्या सुटीत गावी आली तेव्हा मानसिक आरोग्य परिचर्येची वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मोठेबाबा, हे वाचा. हे तर आपल्या बाबांचंच लिहिलंय."

नैराश्य या आजाराची ती लक्षणे होती. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, पहाटे फार लवकर जाग येणे, भूक मरणे, काही न करता थकवा, आणि आपल्यामुळेच घराचे वाटोळे झाले ही टोचणी. वाचून झाल्यावर बराच वेळ मला मान वर करता आली नाही.

२०१७ सालचा कपाशीचा हंगाम आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी विदर्भात हाहाकार केला. माझ्या धाकट्या भावाची सात एकर कपाशी होती. बोंड फोडावे तर आत अळी. डिसेंबरात त्याने शेतात जाणेच सोडले. दिवसभर ओट्यावर बसून राही. बैलांवर जीव टाकणारा माणूस, पण त्यांच्या पाठीवरून हातही फिरवीना.

मी शेतकी पदवीधर. त्याच्या बांधावर उभा राहून मी किडकी बोंडे मोजली, फरदड घेऊ नकोस म्हणून बजावले. माणूस मात्र पाहिला नाही. उलट म्हणालो, "अरे, साऱ्या गावाचेच गेले. तूच असा काय बसतोस? आळस झटक." आईने देवऋषी गाठला, तेव्हा मी तिला हसलो. पण माझा उपदेश तरी त्याहून काय शहाणपणाचा होता?

शेवटी भावजयीने माझ्या घरच्यांकडून निरोप पाठवला, की हे रात्री-अपरात्री उठून कोठ्यात जाऊन बसतात. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सरळ विचारले, "जीव द्यावा असे मनात येते का?" मला राग आला. असे विचारून नसते विचार डोक्यात घालतात का कोणी! भाऊ हळूच म्हणाला, "येते." आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच रडला. वहीत हेही लिहिले आहे: विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरातली फवारणीची सगळी औषधे त्याच दिवशी हलवायला सांगितली. आपण विषालाही औषधच म्हणतो. ती मुलांच्या हाती लागू देऊ नका, असे मी वर्षानुवर्षे गावोगाव सांगत आलो होतो. जाणत्या माणसापासूनही ती दूर ठेवावी लागतात, हे मला त्या दिवशी कळले. सगळे डबे माझ्या घरी आणून कपाटात कुलूपबंद केले.

आता माझी मोठी चूक सांगतो. नऊ दिवस झाले तरी गुण दिसेना. वर तोंड कोरडे पडे, मळमळ होई. मीच म्हणालो, "राहू दे त्या गोळ्या." कपाशीवर लाल्या आला की मॅग्नेशियम सल्फेट फवारायला मीच सांगतो, आणि लाल झालेले पान हिरवे होत नसते, नव्या पानांची वाट पाहा, हेही मीच सांगतो. या गोळ्यांचा गुणही दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, बरे वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नसतात. लाल्याला धीर धरणारा मी, भावाच्या बाबतीत धीर धरला नाही.

तपासणीची तारीख चुकली म्हणून दवाखान्यातील परिचारिकेचा फोन आला. तो या पुतणीने उचलला. तेव्हा ती सहावीत होती. त्या बाईंनी आधी तिच्याशी, मग भावजयीशी बोलून भावाला परत बोलावले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि वर्षभर चालल्या. पुढच्या पोळ्याला बैलांची शिंगे त्याने स्वतः रंगवली.

वहीत आणखीही आजार आहेत. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, आपल्यावर कोणी पाळत ठेवते असे वाटणे, हे त्यांतलेच. गावात ज्याला बाहेरची बाधा म्हणतात ते पुष्कळदा हेच असते. त्यावरही १९५२ पासून औषधे आहेत. मनोरुग्णालयात शिकायला जाताना पुतणीला पहिल्या दिवशी भीती वाटली होती. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका आजींनी तिची वेणी घालून दिली.

आपल्या घरी कोणी असे गप्प बसले असेल, तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक आहे. तो २०२२ साली सुरू झाला. दिवसरात्र केव्हाही, फुकट आणि मराठीतही बोलता येते. एखादा जिवाचे बरेवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका, तडक दवाखान्यात न्या.

त्या कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. भाऊ मागत नाही, मी देत नाही. फवारणीच्या दिवसांत तो सकाळी येतो, लागेल तेवढे औषध मोजून नेतो, आणि जाण्याआधी ओट्यावर बसून चहा घेतो.