मुरमाच्या वाटा

सायकलीच्या चाकात हवा किती भरावी, हा प्रश्न डांबरी सडकेवरून नित्य ये-जा करणाऱ्यास क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. दुकानदार अंगठ्याने टायर दाबून पाहतो, तो जराही दबला नाही की मान हलवतो, आणि गिऱ्हाईक समाधान पावून मार्गस्थ होते. परंतु सह्याद्रीच्या कुशीत, धरणांच्या काठाकाठाने आणि रानाच्या पोटातून गेलेल्या मुरमाच्या वाटांवर सायकल चालविण्याचा नाद ज्याला लागला आहे, त्याच्या शिक्षणाचा श्रीगणेशा भरलेली हवा थोडी सोडून देण्यापासूनच होतो. टणक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, त्या उसळण्याबरोबर सायकल आणि स्वार ह्या दोघांचे ओझे कणाकणाने वर उचलले जाते, आणि पुढे जाण्यासाठी पायांनी दिलेली शक्ती अशा रीतीने मनगटे व पाठ खिळखिळी करण्यात खर्ची पडते. उलट नरम टायर खड्याला पोटात घेऊन त्याच्यावरून सरकतो. दीड इंच रुंदीच्या टायरात, मध्यम वजनाच्या माणसाने, चौरस इंचाला ३५ पौंडांच्या आसपास दाब ठेवावा, असा माझा अनुभव आहे. त्याच्या फार खाली गेल्यास मात्र एखाद्या धारदार दगडावर ट्यूब रिंगेत चिमटून तिला जोडीने दोन भोके पडतात.

ह्या प्रकाराला अलीकडे ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ असे नाव मिळाले असून त्यासाठी खास घडविलेल्या सायकली बऱ्याच रकमेला विकल्या जातात. त्यांच्या विक्रेत्यांना कदाचित रुचणार नाही, पण नमूद केलेच पाहिजे, की ज्या काळ्या, सरळ दांड्याच्या, भक्कम सायकलीवरून आमच्या लहानपणी पोस्टमन टपाल आणि गवळी दुधाच्या किटल्या नेत असे, तिचा टायर २८ बाय दीड, म्हणजे जवळजवळ ह्या नव्या टायरांच्याच रुंदीचा होता. त्या सायकलीला गिअर नव्हते आणि तिचे वजन अंगावर काटा आणणारे होते, हे खरे. तथापि खडीच्या रस्त्यास रुंद चाक हवे, हे शहाणपण तिच्या ठायी पुरेपूर होते. मधल्या काळात डांबर सर्वत्र झाले, टायर अरुंद झाले, आणि जे गवळ्याला ठाऊक होते ते आम्हांला मासिकांतून नव्याने शिकावे लागले.

हे शिक्षण देणारा खरा गुरू मात्र पायाखालचा पाषाण होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून जो लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर आला, त्याचे थरावर थर साचून हा दख्खनचा मुलूख तयार झाला, आणि पश्चिम घाटात ह्या थरांची एकूण जाडी दोन हजार मीटरांच्या वर भरते, हे शाळेच्या पुस्तकात सर्वांनीच वाचलेले असते. परंतु ह्या वाक्याचा अर्थ मला पुस्तकाने नव्हे, मांड्यांनी शिकविला. एक थर कठीण, त्याच्या लगतचा ठिसूळ. ठिसूळ थर पावसापाण्याने झिजून मागे हटतो आणि कठीण थर कड्याच्या रूपाने ताठ उभा राहतो, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या पडलेल्या दिसतात, आणि दोन कड्यांमधल्या सपाटीला डोंगरातली माणसे पदर म्हणतात. गुरांच्या, लाकूडतोड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या वाटा ह्या पदरानेच आडव्या जातात, आणि नाइलाज होईल तेथेच एका पदरावरून दुसऱ्यावर चढतात. परिणाम असा, की सह्याद्रीतील चढ हा संथ आणि एकसारखा कधीच नसतो: अर्धा तास सुखाने तरंगत जावे, आणि मग अकस्मात शंभर-दोनशे पावलांची अशी उभी धार समोर यावी, की सर्वांत हलका गिअर घालूनही छाती भात्यासारखी चालावी. हे वेळापत्रक ज्याला एकदा उमगले, तो सपाटीवर घाई करीत नाही.

चाकाखालची जमीनही थराथराला पालटते. कुजत आलेल्या काळ्या पाषाणाचा मुरूम हा सर्वांत उत्तम; पाणी त्यातून निचरून जाते, पावसानंतर दोन दिवसांत तो घट्ट बसतो आणि चाकाला हलकी करकर ऐकवीत धरून ठेवतो. ज्या थरात लाव्हारसातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले आणि पुढे त्यांच्या पोकळ्यांत स्फटिक भरले, त्याच्या मुरमात पांढरे खडे उन्हात चमकतात. हे खडे गोलसर असल्याने वळणावर दगा देतात, म्हणून ती चमक दिसताच वेग उतरवावा. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लालभडक मातीचा पट्टा लागतो. पहिला थर निवल्यावर त्याच्यावर जी माती झाली, ती दुसऱ्या थराच्या उष्णतेने भाजून निघाली, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. उन्हाळ्यात त्याचा फुफाटा होतो, आणि चार थेंब पडताच तो तेलकट बनून भल्याभल्यांना जमिनीची भेट घडवितो. उघडा कातळ भीतिदायक दिसतो पण वस्तुतः सर्वांत विश्वासू असतो. आणि काळी माती ओली असता सायकल खांद्यावर घेण्यापलीकडे कोणताही उपाय मनुष्यजातीला सापडलेला नाही.

ह्या सर्वांचा एकत्र प्रत्यय घ्यावयाचा तर भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतालचा मुलूख माझ्या मते अद्वितीय आहे. प्रवरेला अडविणाऱ्या ह्या धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले, मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन ह्यांचे नाव त्यास मिळाले, आणि मागे साठलेल्या पाण्याला आर्थर सरोवर म्हणू लागले. आसपासच्या माणसांनी ही दोन्ही साहेबी नावे शांतपणे बाजूस सारून भंडारदरा हेच नाव चालू ठेवले. शेंडीहून निघावे, मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावे जोडीत पाण्याला वळसा घालावा. उत्तरेस १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईची रांग, नैर्ऋत्येस रतनगड, घाटघरापाशी कोकणात कोसळणारा कडा, आणि रतनवाडीस ह्याच काळ्या पाषाणातून घडलेले अमृतेश्वराचे प्राचीन शिवालय. मुख्य रस्त्यावर डांबर पडले आहे आणि शनिवार-रविवारी तेथे मोटारींची जत्रा भरते. परंतु मंगळवारी किंवा बुधवारी जावे, आणि त्या रस्त्याला फाटे फुटून ज्या वाटा खाचरांच्या बांधांवरून, हिरडा-जांभळीच्या दाटीतून पाण्याकडे उतरतात, त्या धराव्यात. जलाशयाचा काठ नकाशावर दिसतो त्याहून फार लांब असतो, कारण जेथे जेथे ओढा येऊन मिळतो तेथे पाण्याची जीभ आत शिरलेली असते. समोरचे घर हाकेच्या अंतरावर दिसावे आणि तेथे पोहोचण्यास तास लागावा, हा येथील नित्याचा हिशेब आहे. हा भाग अभयारण्यात मोडतो, तेव्हा वनखात्याची चौकी लागल्यास तेथे नोंद करावी, आणि दिवस मावळण्यापूर्वी वस्तीला यावे. यंत्रातल्या नकाशावर मात्र फार विसंबू नये. खांद्यावर कोयता टाकून येणाऱ्या एखाद्या ठाकर म्हाताऱ्याला थांबून विचारावे. “दादा, खालनं जावा, वरची वाट वढ्यानं तोडलीया,” एवढे त्याचे एक वाक्य उपग्रहाच्या शंभर चित्रांवर मात करते.

उताराविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण हाडे मोडतात ती उतारावर. दोन्ही पेडले समपातळीत ठेवून आसनावरून किंचित उठावे, कोपर आणि गुडघे सैल सोडावेत, म्हणजे खालची सायकल हवी तशी नाचली तरी वरचे शरीर निश्चल राहते. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे; पुढच्या ब्रेकवर सुट्या खडीत एका बोटापलीकडे भार टाकू नये. आणि दृष्टी ज्या दगडाची भीती वाटते त्याच्यावर खिळवू नये, कारण डोळा जेथे जातो तेथेच चाक जाते. ह्या नियमाला मी आजवर अपवाद पाहिला नाही. चढावर ह्याच्या अगदी उलट: उठून उभे राहण्याचा मोह आवरावा, कारण मागच्या चाकावरचा भार हलला की ते जागच्या जागी फिरू लागते.

हंगाम म्हणाल तर दिवाळीपासून होळीपर्यंत. त्यापूर्वी ओढे वाहते असतात, आणि त्यानंतर फुफाटा व ऊन ह्यांचे राज्य सुरू होते.

येथवर वाचून कोणी असा ग्रह करून घेईल, की ह्या वाटांवर डांबर कधीच पडू नये अशी माझी इच्छा असावी. तशी इच्छा बाळगणे हा शहरवासीयाचा निव्वळ उद्दामपणा होय. जलाशयांकाठच्या ह्या शांततेची किंमत दुसऱ्या कोणी मोजलेली आहे: मुळशीच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली १९२१ ते १९२४ ह्या काळात सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच, आणि पाण्याने जुने रस्ते गिळल्यावर पलीकडच्या वस्त्या वर्षानुवर्षे आडबाजूला पडल्या. अडलेल्या बाईला पावसाळ्यात झोळीत घालून चिखलातून नेणाऱ्या गावाने पक्की सडक मागू नये, असे म्हणण्याचा अधिकार माझ्या सायकलीने मला दिलेला नाही. गावाला जोडणारा रस्ता डांबरी व्हावा, आणि लवकर व्हावा.

पण गावाला जोडणारा रस्ता निराळा आणि शिवारातली पाणंद निराळी. प्रत्येक महसुली गावाच्या नकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखविलेला असतो. त्यांतील कित्येक पाणंदी आज नांगरटीखाली, कुंपणाखाली वा घाणेरीच्या जाळीखाली नाहीशा झाल्या आहेत, आणि वहिवाट अडविली गेल्यास ती मोकळी करून देण्याची तजवीज १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यापासून आहे. सरकारने २०२१ साली शेत-पाणंद रस्त्यांची जी योजना काढली, तिचाही हेतू शेतमालाची गाडी बारमाही चालावी असा आहे. अशा पाणंदींवर शेतकऱ्याची गाडी चालेल, शाळेत जाणारे मूल चालेल, आणि एखादा सायकलवालाही कोणाच्या अध्यातमध्यात न येता निघून जाईल. शहरांतून लक्षावधी रुपये ओतून रंगीत पट्ट्यांचे सायकलमार्ग आखण्यापेक्षा हे काम स्वस्त आणि अधिक टिकाऊ आहे. तेव्हा वाचकांस विनंती इतकीच, की ज्यांचे मूळ गाव अद्याप कागदोपत्री तरी शिल्लक आहे, त्यांनी पुढल्या खेपेस तेथे गेल्यावर तलाठ्याकडून गावनकाशा पाहून घ्यावा, त्यातील दुहेरी तुटक रेषा कोणकोणत्या शिवारांतून जातात ते टिपून ठेवावे, आणि ज्या अडविलेल्या आढळतील त्यांच्याविषयी ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा.