फाटकावर थांबलेली एसटी

जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. पूर्वीही नव्हती. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावाजवळून नेण्याचा बेत झाला, पण खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल म्हणून तो अडला. माझ्या घराच्या माळ्यावर मात्र लेण्याद्रीला रेल्वे जाते. साडेतीन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद प्लायवूडवर कुकडीचं पात्र आहे, गोळेगावची वस्ती आहे, डोंगर आहे आणि पायथ्याशी एक छोटं स्टेशन आहे. साल १९८२, महिना माघ.

रेल्वे कल्पनेतली असली तरी तिचा घाट खरा आहे. महाराष्ट्रात बार्शी लाइट रेल्वे होती, १८९७ साली सुरू झालेली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलीमीटर. पंढरीचे वारकरी तिने वर्षानुवर्षं नेले. तशीच एखादी लहान रुळांची गाडी तळेगाव-चाकण-मंचर करत जुन्नरला आली असती तर, असं मी धरून चाललो. यात एक सोयही आहे. १:८७ या प्रमाणात ७६२ मिलीमीटरचे पावणेनऊ होतात आणि बाजारात ९ मिलीमीटरचा तयार ट्रॅक मिळतो. मोठ्या गाडीच्या बाबतीत हा मेळ बसत नाही. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलीमीटर १:८७ मध्ये सव्वाएकोणीस होतात, पण तयार ट्रॅक साडेसोळाचा असतो. त्यामुळे भारतीय इंजिन जर्मन रुळांवर उभं केलं की ते अरुंद पायांवर उभं असल्यासारखं दिसतं.

रुळांबद्दल एवढं पुरे. मला लिहायचं आहे ते रस्त्याबद्दल. तीस वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की लेआउट (मॉडेल रेल्वेची अशी मांडणी) कुठल्या गावाचा आणि कुठल्या सालचा हे रेल्वे सांगत नाही, रस्ता सांगतो. इंजिन, डबे, सिग्नल जगभर थोड्याफार फरकाने सारखेच. माझा पहिला लेआउट एका शाळेच्या हॉलमध्ये मांडला होता. त्यावर तयार विकत आणलेल्या सुंदर परदेशी मोटारी होत्या. लोक कौतुकाने गाडी बघायचे आणि विचारायचे, "हे कुठलं गाव?" मी सांगायचो, "जुन्नर." ते मान हलवून पुढे जायचे. काही वर्षांनी लेण्याद्रीचा लेआउट मांडला तेव्हा ओतूरकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी फाटकावर थांबलेल्या एसटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बाळा, ही आपली लेण्याद्रीची वाट. ते बघ डोलीवाले." आगगाडीकडे त्यांचं लक्षही गेलं नव्हतं.

नवशिका माणूस सगळ्यात आधी रस्ता चुकतो. तो आठ-नऊ सेंटिमीटर रुंद, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ असलेला रस्ता करतो. आपल्या खेड्याकडच्या एकेरी रस्त्याचं डांबर पावणेचार मीटर असतं, म्हणजे १:८७ मध्ये ४३ मिलीमीटर. एसटीची रुंदी अडीच मीटर, म्हणजे २९ मिलीमीटर. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला साईडपट्टीवर उतरावं लागतं. वर्षानुवर्षं चाकं अशी उतरली की डांबराची कड खाल्ली जाते. पट्टी आणि डांबर यांच्यात बोटभर पायरी पडते, पावसात तिथे पाणी साचतं, आणि उन्हाळ्यात तिथूनच धूळ उठते. हे सगळं ४३ मिलीमीटरच्या त्या पट्टीच्या दोन्ही कडांवर दिसलं पाहिजे. मी डांबर बारीक पॉलिश पेपरचं करतो आणि त्याची कड कात्रीने न कापता बोटांनी फाडतो. नुसती कड बरोबर जमली तर त्या रस्त्यावर एकही वाहन नसलं तरी चालतं.

आता एसटी. ती विकत मिळत नाही. जर्मन बस घेऊन लाल रंगवावी, असं प्रत्येकाला एकदा वाटतं. पण तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे बसचं दार उजव्या अंगाला आणि चालक डाव्या बाजूला. दार चुकीच्या बाजूला असलेली एसटी बघणाऱ्याला लगेच खटकते. ब्रिटिश बसचं दार बरोबर बाजूला, पण त्यांचं प्रमाण १:७६. म्हणजे ती शेजारच्या डब्यापेक्षा सात-आठ टक्के नव्हे, चांगली चौदा टक्के मोठी. मग स्वतः बनवण्याशिवाय इलाज उरत नाही. अर्धा मिलीमीटर जाडीचं प्लास्टिक शीट, साडेबारा सेंटिमीटर लांबी, मागे टपावर चढायची शिडी, टपावर कठडा. खिडक्यांच्या आडव्या गजांनी मला फार छळलं. दोरा लावला तर तो लोंबतो, सुई लावली तर जाड दिसते. शेवटी विजेच्या साध्या वायरीतली एक सुटी तार घेतली. ती ०.२ मिलीमीटर असते, म्हणजे खऱ्या मापात सतरा मिलीमीटरचा गज. एसटीच्या खिडकीला हात टेकून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना ही जाडी बघताक्षणी पटते.

माझे वडील एसटीत चालक होते. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती निळी आणि रुपेरी होती, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं. गाड्यांच्या बॉड्या दापोडीच्या कारखान्यात बनतात हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी केलेली पहिली एसटी त्यांना दाखवली. त्यांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण ही आत्ता आलीय का निघालीय?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. स्टँडवर येऊन थांबलेल्या गाडीची पुढची चाकं जराशी वळलेली राहतात. निघायच्या तयारीतल्या गाडीत चालक बसलेला असतो आणि दाराशी गर्दी असते. वाटेत बंद पडलेल्या गाडीमागे दगड लावलेला असतो आणि झाडाची फांदी ठेवलेली असते. त्या दिवसापासून मी पुढची चाकं वळवता येतील अशीच बसवतो. मॉडेलवरचं वाहन मला ठेवलेलं दिसू नये, ते कुठून तरी आलेलं आणि कुठे तरी निघालेलं दिसावं.

बाकीच्या वाहनांनाही हाच नियम. लेआउटवर मोकळी जागा दिसली की तिथे मोटार ठेवायची ही सवय मोडावी लागते. माझ्या साडेतीन मीटरवर सगळी मिळून अकरा वाहनं आहेत. बघणाऱ्यांना ती पुष्कळ वाटतात, कारण त्यातली सहा एका फाटकावर जमली आहेत. गेट पडलेलं आहे. अलीकडे एसटी, तिच्यामागे टाटाचा लांब नाकाचा ट्रक, बाजूने पुढे घुसू पाहणारा तीनचाकी टेम्पो. पलीकडे अष्टविनायक करून आलेली मॅटाडोर, एक अँबेसिडर आणि उसाची बैलगाडी. एक सायकलवाला वाकून गजाखालून निघाला आहे. गावाकडच्या फाटकावर जो थांबला आहे त्याला हे चित्र पाठ असतं.

टेम्पोविषयी थोडं सांगतो. मराठीत कुठल्याही लहान मालगाडीला आपण टेम्पो म्हणतो, पण हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि तो तीनचाकी आपल्या रस्त्यांवर आला. जगातलं सगळ्यात मोठं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन, २००१ साली उघडलेलं मिनिएचर वंडरलँड, त्याच हॅम्बुर्गमध्ये आहे आणि त्याचं प्रमाणही १:८७ आहे. तिथे मोटारी आपोआप चालतात. संगणक त्यांना थांबवतो, वळवतो, आगीच्या बंबांना आग लागलेल्या ठिकाणी पाठवतो.

चालत्या मोटारींची मूळ युक्ती साधी आहे. रस्त्यात बारीक खाच करून पोलादी तार पुरायची, वर रंग द्यायचा, आणि मोटारीच्या पुढच्या चाकांच्या दांडीला लहान लोहचुंबक लावायचं. चुंबक तारेमागे जातं, चाकं आपोआप वळतात. मी एका टेम्पोवर ही युक्ती केली. पहिल्या दिवशी तो छान चालला, दुसऱ्या दिवशी अडखळला आणि तिसऱ्या दिवशी थांबला. उलटा करून पाहिला तर चुंबकाला काळ्या केसाळ पावडरीची दाढी फुटली होती. चूक माझीच. साईडपट्टीसाठी मी कुकडीकाठची खरी माती चाळून वापरली होती. आपली माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली, तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहकण भरपूर. तेव्हापासून कुठलीही माती आणली की आधी भाजतो, वस्त्रगाळ करतो आणि कागदावर पसरून तिच्यातून चुंबक चार वेळा फिरवतो. रेल्वेच्या इंजिनातही हेच कण जाऊन मोटर जळते, म्हणून सह्याद्रीतल्या प्रत्येक मॉडेलवाल्याने हे केलंच पाहिजे.

खऱ्या मातीचा हट्ट मात्र मी सोडत नाही. विकतच्या डब्यातला धुळीचा रंग कुठल्यातरी दुसऱ्या देशाचा असतो. वाहनांच्या खालच्या अंगाला, चाकांच्या मागे, ट्रकच्या फाळक्यावर मी तीच वस्त्रगाळ माती कोरड्या कुंचल्याने चढवतो. रस्त्याची आणि गाडीची धूळ एक असली की गाडी त्या रस्त्यावरची वाटते. डोंगराचंही तसंच. तयार साच्यांतून निघणारे खडक तिरपे, टोकदार असतात. दख्खनचा कातळ थरावर थर असा आडवा बसलेला आहे, लांबून पायऱ्यांसारखा दिसतो. मी थर्मोकोलचे आडवे थर लावून त्यावर प्लास्टर देतो आणि ते ओलं असतानाच खालच्या बाजूला पट्ट्या कोरतो.

लेण्याद्रीचा डोंगर करताना मापं घेतली तेव्हा एक गोष्ट फार आवडली. गिरिजात्मजाचं मंदिर ज्या सातव्या लेण्यात आहे तो विहार ५७ फूट बाय ५१ फूट, मध्ये एकही खांब नाही, कडेने २० खोल्या. १:८७ मध्ये तो २० सेंटिमीटर बाय १८ होतो. म्हणजे जेवणाच्या ताटाहून लहान. तो मी पूर्ण कोरला आहे, आतल्या खोल्यांसकट, जरी समोरून त्यातलं फारसं दिसत नाही. तीनशेच्या आसपास पायऱ्या मात्र सगळ्या मावल्या नाहीत, त्या एकशे दहावर आणल्या. कमी केलेल्या पायऱ्या लपवायला वाटेवर वळण, झाड आणि चार डोलीवाले ठेवले. खांद्यावर दांडे घेतलेले चौघे, मध्ये खुर्चीत एक म्हातारबाबा. माणूस या प्रमाणात एकोणीस मिलीमीटरचा होतो. डोली मागे कललेली आहे, कारण चढावर मागचे पुढच्यांपेक्षा खाली असतात. पायथ्याशी हार-दुर्वांच्या दुकानांची रांग, आणि दुकानाच्या पत्र्यावर दोन माकडं.

खोडदच्या दुर्बिणी मी मुद्दाम नाही केल्या. साल १९८२ आहे, तेव्हा त्या नव्हत्या. एका मित्राच्या नव्या काळातल्या लेआउटसाठी हिशोब करून दिला होता. या प्रकल्पातल्या तीस तबकड्यांपैकी एकेकीचा व्यास ४५ मीटर. १:८७ मध्ये बावन्न सेंटिमीटर, त्याच्या अख्ख्या गावावर छत्री धरल्यासारखी. शेवटी ती बारा सेंटिमीटरची करून मागच्या भिंतीजवळ ठेवली, लांब असल्याचा भास होईल अशी.

सालाचा नियम मी कडक पाळतो. एक मारुती ८०० ठेवली की लेआउट डिसेंबर १९८३च्या पुढे गेला. टाटा ४०७ आली की १९८६. म्हणून माझ्या फाटकावर दोन्ही नाहीत. टोमॅटोचे प्लास्टिकचे कॅरेट भरलेली पिकअप ही आजची नारायणगावची खूण, आणि मला ती करायला फार आवडेल, पण ती दुसऱ्या लेआउटवर. एक कॅरेट सहा मिलीमीटर लांब होतो. एका पिकअपला असे साठ-सत्तर लागतील.

हे काम बघायचं असेल तर पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ला उघडलेलं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवे मंद झाले, गावातल्या खिडक्या उजळल्या आणि शेजारची सगळी मुलं एकदम उठून उभी राहिली. मराठी माणसाने स्वतःच्या हाताने, आयुष्य घालून हे केलं, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला आणि आजही वाटतो. मुलांना घेऊन जरूर जा. गाड्यांबरोबर रस्त्यांकडे आणि दिव्यांच्या खांबांकडेही त्यांना बघायला सांगा.

आणि वाचकांकडे एक मागणं आहे. माझ्या अडचणीचं मूळ हे की आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या वाहनांची मापं आणि चित्रं कुणी जपून ठेवलेली नाहीत. तीनचाकी टेम्पो, मॅटाडोर, लाकडी फाळक्यांचे ट्रक भंगारात गेले. तुमच्या घरी लग्नाचा, यात्रेचा, शेतमाल भरतानाचा एखादा जुना फोटो असेल आणि त्याच्या कडेला वाहनाचा कोपरा जरी आला असेल, तर तो फेकू नका. त्याच्या मागे पेन्सिलीने गाव, साल आणि गाडी कुणाची होती ते लिहून ठेवा. परड्यात एखादा टेम्पो अजून गंजत उभा असेल तर टेप घेऊन त्याची लांबी, रुंदी, उंची आणि चाकाचा व्यास मोजून ठेवा. त्याला अर्धा तास लागतो.