भिलारला जा, पण मुलांना घेऊन जा

मंडळी, रब्बी शेतात उभी आहे, काढणीला अजून अवकाश आहे, अशा दिवसांत घरात कुणीतरी म्हणतेच, "कुठेतरी जाऊन येऊ या." मग देवदर्शन ठरते, नाहीतर पाहुण्यांकडे मुक्काम पडतो. यंदा माझे ऐका. एक दिवस भिलारला जा. जाताना घरातले एखादे मूल बरोबर घ्या. जे मूल पुस्तक दिसले की तोंड फिरवते, तेच घ्या. असे का म्हणतो, ते पुढे सांगतो.

वाईच्या स्थानकावरून पाचगणीची एस. टी. पकडा. वाई हे गाव पुस्तकांच्या नात्यातलेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे प्रचंड काम इथेच बसून उभे केले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. वाई मागे पडली की पसरणीचा घाट लागतो. पायथ्याची पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचे गाव. खिडकीची जागा मुलाला द्या, खाली धोम धरणाचे पाणी दिसते. घाट चढला की पाचगणी, आणि तिथून महाबळेश्वरच्या वाटेने पाच-सहा किलोमीटरवर भिलार.

तुम्ही शेतकरी, तेव्हा तुमची नजर आधी शेताकडेच जाणार. तांबड्या मातीचे गादीवाफे, त्यांवर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद, खालून ठिबकच्या नळ्या, आणि कागदाच्या भोकांतून वर आलेली स्ट्रॉबेरीची रोपे. पाऊस ओसरला की लागण, थंडी पडली की फळ, आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तोडे. फळ नाजूक, त्यामुळे तोडणी सकाळच्या गारव्यात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. भिलार हे त्या पिकावर जगणारे गाव. आपल्यासारखेच कष्टाचे.

या गावाने ४ मे २०१७ पासून आणखी एक गोष्ट घरात घेतली. ती म्हणजे पुस्तके. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने भिलार हे 'पुस्तकांचे गाव' झाले. सुरुवातीला घरे, देवळे, शाळा, लॉज अशा २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तके मांडली गेली. पुढे त्यांत भर पडत गेली. कपाटे-पुस्तके बाहेरून आली, पण जागा गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरातली दिली. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, कुठे संतसाहित्य, कुठे इतिहास, कुठे चरित्रे, कुठे दिवाळी अंक. दारावरच्या पाटीवरून कळते, इथे काय आहे. आत जायचे, हवे ते काढायचे, बसून वाचायचे. त्याचे पैसे पडत नाहीत.

ही कल्पना मूळची वेल्समधल्या हे-ऑन-वाय या छोट्या गावाची. तिथे रिचर्ड बूथ या गृहस्थाने १९६० नंतरच्या वर्षांत जुन्या पुस्तकांचे दुकान काढले, पाहता पाहता गावभर पुस्तकांची दुकाने झाली, आणि १९८८ पासून तिथे पुस्तकांची मोठी जत्राही भरू लागली. तिथे पुस्तक दुकानात असते. भिलारला ते घरात असते. माझ्या मते भिलारची खरी गोम याच फरकात आहे.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. पोरगा आठवीत. शेतात हुशार, मोटारीचे काम बघून बघून शिकलेला, पण वाचायला सांगितले की त्याचे पोट दुखणार. मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो होतो. चार माणसांत बोललोही होतो. भिलारला नेले तेव्हाही त्याने आधीच सांगितले, "मामा, मी बाहेरच बसणार."

बालसाहित्याच्या घरी आम्ही पोचलो. मी आत कपाटापाशी, हा ओट्यावर. थोड्या वेळाने पाच-सहा वर्षांची एक पोर चित्रांचे पुस्तक घेऊन त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "दादा, वाचून दाखव ना." आता लहान पोरीला नाही कसे म्हणणार? त्याने सुरुवात केली. एकेक अक्षर लावत, अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत. मी आतून ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आले की, आठवीतल्या या मुलाला दुसरीचे पुस्तकही सरळ वाचता येत नाही. पण ती पोर हसली नाही, तिने चुका काढल्या नाहीत. तिला फक्त पुढे काय झाले ते हवे होते. तो थांबला की ती म्हणायची, "मग?" असे करत त्याने ते पुस्तक संपवले. मग दुसरे घेतले.

परतीच्या गाडीत, घाट उतरताना, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, वर्गात मी वाचायला उभा राहिलो की पोरं हसतात." बस, एवढेच. मंडळी, मला माझीच लाज वाटली. ज्याला मी कंटाळा म्हणत होतो, ती त्याची भीती होती. तुमच्या घरातही एखादे मूल 'मला पुस्तक आवडत नाही' असे म्हणत असेल, तर रागवायच्या आधी त्याच्या शेजारी बसून दोन ओळी वाचून घ्या. कदाचित आवडीचा प्रश्नच नसेल.

घरी आल्यावर मी विचार केला. आपल्या गावांना एकत्र वाचणे काही नवीन नाही. श्रावणात पोथी लावायची आपली जुनी रीत. हरिविजय असो, पांडवप्रताप असो; एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि सारी आळी कंदिलाच्या उजेडात ऐकायची. ज्यांना अक्षर येत नव्हते अशा आमच्या आज्यांना त्यातूनच कथाच्या कथा पाठ होत्या. अडखळणाऱ्याला तिथे कुणी हसत नसे, कारण सगळ्यांचे लक्ष कथेकडे. आपण ती रीत सोडली आणि मुलांना सांगू लागलो, "कोपऱ्यात बस आणि वाच." एकट्याने कोपऱ्यात बसणे ही त्यांना शिक्षाच वाटते.

म्हणून आम्ही घरी पोथीसारखेच पुस्तक लावले. पहिले घेतले 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातल्या प्रकरणांना रात्र पहिली, रात्र दुसरी अशीच नावे आहेत, म्हणजे जेवणे झाल्यावर रोज एक रात्र वाचायची सोय लेखकानेच करून ठेवली आहे. एक पान मी वाची, एक माझी बहीण, अर्धे भाचा. त्यानंतर आनंद यादवांचे 'झोंबी' घेतले. शिकण्यासाठी शेतातल्या कामाशी आणि घरच्या गरिबीशी झगडणाऱ्या मुलाची ती हकिगत. भाचा मध्येच म्हणाला, "हे तर आपल्यातलंच आहे." भाचा आता घडाघडा वाचतो, असे मी सांगणार नाही. अजून अडखळतो. पण आता पुस्तक त्याच्या हातात दिले तर तो ते परत करत नाही.

त्यातूनच पुढची गोष्ट निघाली. आमच्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी संध्याकाळी मुले जमतात. मोठ्यांनी वाचायचे, लहानांनी ऐकायचे. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, भाषण तर मुळीच नाही. वाचणाऱ्याला हसायचे नाही, हा एकच नियम. एका पत्र्याच्या पेटीत तीस-चाळीस पुस्तके आहेत. ती पेटी आम्ही कुलपात ठेवत नाही. कारण मी एका गावात पुस्तकांनी भरलेले कपाट पाहिले आहे. कपाटाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आत वाळवी. पुस्तक वापरून फाटले तर डिंकाने चिकटवता येते. वाळवीने खाल्ले की काहीच उरत नाही.

तुम्हालाही हे जमेल. बालभारती १९७१ पासून मुलांसाठी 'किशोर' मासिक काढते, ते सुरू करा. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तके थोड्या पैशांत मिळतात. जिल्ह्याला ग्रंथोत्सव भरला की मुलांना तिथे न्या आणि निवड त्यांनाच करू द्या. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी ग्रंथदिंडी जरूर काढा, पण पालखीतली पुस्तके संध्याकाळी मुलांच्या हातात जातील असे बघा. गावच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानाशेजारी एक सतरंजी पुस्तकांची टाका.

स्ट्रॉबेरीचे एक तुम्हाला भिलारला दिसेल. मूळ रोपाला धावत्या फांद्या फुटतात. त्या फांदीवरचे लहान रोप जिथे मातीला टेकते, तिथे त्याला मुळ्या फुटतात. टेकायला माती नसेल तर फांदी कितीही लांब गेली तरी व्यर्थ. आपल्या मुलांचेही तसेच. त्यांना टेकायला एक ओटा, एक पुस्तक आणि 'मग?' म्हणणारे कुणीतरी हवे.

तेव्हा या सवडीत भिलारला जा. पोटभर स्ट्रॉबेरी खा. बालसाहित्याच्या घरी तास-दोन तास बसा, आणि मुलाला काही सांगू नका, नुसते ऐका. परत आल्यावर त्याच रात्री, जेवणे झाली की, घरात एक पुस्तक लावा.