घोड्यांच्या बाजारात चित्रांचं दुकान

विकायला माझ्याजवळ दोनच प्रकारचा माल होता. एक म्हणजे तापीकाठची आणि सातपुड्याची जलरंगातली निसर्गचित्रं. दुसरा, घोड्याच्या शरीररचनेची छापचित्रं : सांगाडा, कातडीखालचे स्नायू, पुढच्या पायाची हाडं, खुराचा उभा छेद. शहरातल्या गॅलरीवाल्यांनी निसर्गचित्रं ठेवून घेतली आणि घोडे परत दिले. दिवाणखान्यात हाडं कोण लावणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर सुचलं नाही. धुळ्याचा माझा मामेभाऊ मात्र म्हणाला, "घोड्याची चित्रं घोडेवाल्यांना दाखव ना." एवढ्या एका वाक्यावर मी सारंगखेड्याला गेले. त्याआधी मी कधी कुणाला समोरासमोर चित्र विकलेलं नव्हतं.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. गावकरी ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी घोडे घेऊन उतरतात. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडू पाहणारे मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. सकाळी थंडीत घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत असते, खरारा चालू असतो, आणि गिऱ्हाईक ओठ वर करून दात बघत असतं. कुणी अंगावरचे भोवरे मोजतो, कुणी चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी शोधत फिरतो. मला जागा मिळाली ती घोड्याच्या साजाच्या दुकानाशेजारी. एका बाजूला लगाम, रिकिबी, गोंडे, घुंगरांच्या माळा. दुसऱ्या बाजूला दोरीला चिमट्यांनी लावलेली माझी चित्रं. धूळ इतकी, की निसर्गचित्रं प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढायची सोय नव्हती.

मांडून झालं आणि मला काहीच कळेना. उभं राहायचं की बसायचं? येणाऱ्याला हाक मारायची की गप्प राहायचं? भाव लिहून लावायचा की विचारल्यावर सांगायचा? शेजारचा साजवाला भाव लिहीत नव्हता, समोरचा घोंगडीवाला लिहीत होता. लोक थांबत, सांगाड्याकडे बघत, पुढे जात. एका मावशींनी नातवाचा हात ओढत सरळ विचारलं, "देवाच्या यात्रेत हाडं काय मांडलीस गं बाई?" त्यांचं म्हणणं मला पटलं. मी सांगाडा खाली घेतला आणि खुराचा छेद पुढे लावला. बाजाराचा रंग त्यानंतर बदलला.

ही चित्रं माझ्या हातून का झाली, ते इथेच सांगते. कलामहाविद्यालयात शिकत असताना आमच्या सरांनी जॉर्ज स्टब्जच्या घोड्यांचे छाप दाखवले होते. हा अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार. इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यातल्या हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात त्याने जवळपास दीड वर्ष मेलेल्या घोड्यांचं विच्छेदन केलं. घोडा लोखंडी आकड्यांना टांगून उभा असल्यासारखा ठेवायचा, एकेक थर उतरवायचा आणि प्रत्येक थराचं रेखाटन करायचं. त्याची सहचरी मेरी स्पेन्सर मदतीला होती. रेखाटनं झाली, पण लंडनमध्ये ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायला कुणी कारागीर तयार होईना. मग त्याने तेही काम स्वतः केलं आणि 1766 साली पुस्तक काढलं. ते छाप पाहिल्यापासून मला घोडा नुसता वरवर बघवेना. मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या सांगाड्यासमोर बसून मी रेखाटनं केली आणि पुढे ती झिंकच्या पत्र्यावर उतरवली.

खुराच्या छेदासमोर पहिला बसला तो एक नालबंद. उभा नाही राहिला, उकिडवा बसला, चित्राच्या उंचीला डोळे आणून. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी निर्जीव असते, आतला भाग जिवंत आणि हळवा. तळव्याकडून पाहिलं तर या दोन्हींच्या सीमेवर एक फिकट रेघ दिसते. नालेचा खिळा त्या रेघेच्या बाहेरच राहिला पाहिजे. आत गेला तर घोडा लंगडतो आणि जखम चिघळते. त्याने काळवंडलेलं बोट प्लॅस्टिकवरून त्या रेघेवर फिरवलं आणि मला म्हणाला, "ताई, ही रेघ मी पोराला दाखवून दाखवून थकलो. खुरात त्याला दिसत नाही. इथे दिसेल." त्याने भाव विचारला. हाताने छापलेला छाप बाराशे रुपयांना होता. त्याने चित्र खाली ठेवलं. मग मी त्याच चित्राची मशीनवर छापलेली दोनशेची प्रत दाखवली, आणि ती त्याने घेतली. लॅमिनेशन करून देतेस का, म्हणजे पाण्याने पुसता येईल, असंही विचारलं. माझ्या चित्राला पाणी लागेल, शेण लागेल, ते रोज हाताळलं जाईल, याचा मला मनापासून आनंद झाला. गॅलरीच्या भिंतीपेक्षा ही जागा मला मोठी वाटते.

दुपारी एक म्हातारे मारवाडी व्यापारी आले. त्यांच्यासोबत घोडा बघायला आलेला एक तरुण शेतकरी होता. पुढच्या पायाच्या छापासमोर उभं करून त्यांनी त्याचा जवळजवळ तासच घेतला. आपण ज्याला घोड्याचा गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. मागच्या पायाचं जे टोक मागे निघालेलं दिसतं ती टाच. घोडा चालतो तो एकेका बोटाच्या, मधल्या बोटाच्या टोकावर. हे मी पुस्तकातून आणि सांगाड्यावरून शिकले होते. त्यांना ही नावं माहीत नव्हती, पण पाय माहीत होता. "घुटने के नीचे मांस नहीं, सब नस है," असं म्हणत त्यांनी चित्रातल्या दोरखंडासारख्या रेषा दाखवल्या. तिथे सूज आहे का ते हाताने चाचपून बघ, घोडा घ्यायचा तर आधी तिथे हात लाव, असं त्या पोराला सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, की खांद्याचं हाड छातीला कुठे जोडलंय ते का दाखवलं नाही? मी म्हटलं, बाबा, ते जोडलेलंच नसतं. घोड्याला गळ्याजवळचं आडवं हाड नाही. त्याची छाती दोन्ही पुढच्या पायांच्या मध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग जवळच्या घोडीच्या खांद्यावर तळहात दाबून, तिला एक पाऊल पुढे चालवून, त्यांनी ते स्वतः अजमावलं आणि मान हलवली. आयुष्यभर घोडे विकलेल्या माणसाला काहीतरी नवं दिसलं होतं, आणि ते मी केलेल्या चित्राच्या निमित्ताने. चित्रकलेची पदवी हाती आली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्यांना हवं होतं ते मात्र माझ्याकडे नव्हतं : रेवाळ चालीचं चित्र. रेवाळ म्हणजे एकाच बाजूचे मागचा-पुढचा पाय पाठोपाठ टाकत जाणारी ती सपाट, वेगवान चाल. वरच्या स्वाराला हिसका बसत नाही. सारंगखेड्यात लोक ही चाल बघायला गर्दी करतात. पळत्या घोड्याचे पाय नक्की कसे पडतात, हे माणसाच्या डोळ्याला टिपता येत नाही. शतकानुशतकं चित्रकार भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगताना काढत आले. स्टब्जनेही तसाच काढला. 1878 साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून फोटो घेतले, तेव्हा कळलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली जवळ आलेले असताना. आपल्याकडच्या कॅलेंडरांवर आणि ट्रकांच्या मागे तो ताणलेला घोडा अजून धावतोच आहे. रेवाळची छापमाला करायची तर मला आधी चाल नीट बघायला हवी. त्या बाबांनी नोकराकरवी घोडी माझ्यासाठी मैदानावर फिरवली. मी मोबाइलवर संथ गतीचं चित्रीकरण केलं. त्याचे पैसे घेणं त्यांना मान्यच नव्हतं.

निसर्गचित्रांचं गिऱ्हाईक संध्याकाळी आलं, आणि ते अगदी वेगळं होतं. दिवसभर घोडेवाल्यांनी त्या चित्रांकडे बघितलंसुद्धा नाही. उन्हं उतरल्यावर आसपासच्या गावांतली कुटुंबं, शिक्षक, जिलेबीची पुडी हातात घेतलेली तरुण जोडपी येऊ लागली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच : "हे कुठलं?" रंग कसे आहेत, कागद कुठला, झाडाची सावली निळी का, यातलं कुणी काही विचारलं नाही. तोरणमाळचा यशवंत तलाव, असं सांगितलं की चेहरा खुले. प्रकाशा गावाच्या घाटाचं चित्र, तापी आणि गोमाईच्या संगमावरचं, तिथल्याच एका शिक्षिकेने घेतलं. तिने पायऱ्यांचं वळण ओळखलं होतं. सातपुड्याच्या ज्या चित्रावर मी सगळ्यांत जास्त मेहनत घेतली होती, ढगांच्या तीन थरांमागून डोंगराची कड येते ते, त्यासमोर कुणी थांबलं नाही. त्या चित्राला गावाचं नाव नव्हतं. यावर मी अजून विचार करते आहे. निसर्गचित्र चांगलं असलं की पुरे, असं मला शिकवलं होतं. इथल्या माणसांना ते कुणाचं तरी, कुठलं तरी असायला हवं होतं, आणि ही मागणी मला रास्त वाटते.

याच वेळी एका आजोबांनी मला पुरतं गोंधळात टाकलं. त्यांना तापीचं चित्र हवं होतं, पण बॅरेज होण्याआधीच्या तापीचं. आता पाणी अडवलेलं असतं, पात्र भरलेलं दिसतं. त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यात वाळू उघडी पडायची आणि वाळूत डांगरांच्या वाड्या लागायच्या, असं ते म्हणाले. मी समोर बसून, दिसतं तेच रंगवते. जे मी पाहिलंच नाही ते कसं काढू? त्यांनी काठीने धुळीत नदी काढली : इथे धार, इथे वाळू, इथे आमची वाडी, इथून बैलगाडी उतरायची. मी ते वहीत उतरवून घेतलं. मग रंगांचे प्रश्न विचारत बसले. वाळू पिवळी की राखाडी? सकाळी धार कुठल्या बाजूने चमकायची? त्यांच्या उत्तरांतून एक कच्चं चित्र तयार झालं. रंगवून पाठवते म्हटलं, तर त्यांनी घडी केलेली पाचशेची नोट माझ्या हातात कोंबली.

आणि जवळजवळ प्रत्येक गटातलं एक तरी माणूस विचारी, की तुमच्या नदीवर घोडा का नाही आणि घोड्यामागे नदी का नाही? साजाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "ह्या घोड्याला कातडी घाला आणि पाण्यावर उभा करा की, ताई." स्टब्जचं सगळ्यांत गाजलेलं चित्र, व्हिसलजॅकेट हा घोडा, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जवळपास खऱ्या घोड्याएवढं चित्र, आणि मागे ना झाड ना आभाळ. मला ते तसंच पूर्ण वाटतं. पण त्या मुलाचं म्हणणंही मनातून जात नाही, आणि मी ते करून बघणार आहे.

आता पैशांबद्दल, कारण नवख्या माणसाचा खरा गोंधळ तिथेच असतो. "हे झेरॉक्स आहे का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आला, की मी उत्तर देण्याऐवजी दाखवायला लागले. हाताने केलेल्या छापात झिंकच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने रेषा ओढतात आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवतात. जिथे मेण खरवडलंय तिथे ॲसिड धातू खातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर जाड कागद ठेवून प्रेसच्या रुळाखालून काढायचा. पत्र्याच्या कडेची खूण कागदावर दबून उठते आणि शाई किंचित उंच राहते. चित्र तिरपं धरलं, बोट फिरवलं की फरक कळतो. एका पत्र्यावरून मी पंचवीसच छाप काढते आणि प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घालते, कारण दाबाने पत्रा झिजतो आणि बारीक रेषा जातात. मशीनवरची प्रत म्हणजे त्याच छापाचा स्कॅन. ती हवी तितकी निघते. तिच्यात कमीपणा काही नाही, नालबंदाला तीच उपयोगाची होती. पण तिच्यावर क्रमांक टाकून दुर्मीळ म्हणून विकणं मला फसवणूक वाटते, आणि हे सर्रास चालतं. दुपारनंतर मी दोन पाट्या लावल्या : "हाताने छापलेलं" आणि "मशीनवर छापलेलं". भाव दोन्हींवर लिहिला. त्यानंतर घासाघीस कमी झाली, प्रश्न वाढले, आणि म्हाताऱ्या व्यापारीबाबांनी जाता जाता बाराशेचा पायाचा छाप घेतला.

तुम्ही चित्र विकत घ्यायला जाल तेव्हा लाजू नका. हे मूळ चित्र आहे की छाप, ते विचारा. छाप असेल तर हाताचा की मशीनचा, एकूण किती काढले, कागद कुठला, शाई उन्हात किती टिकेल, हेही विचारा. निसर्गचित्र असेल तर ते कुठलं आहे, तेही विचारा. जो चित्रकार या प्रश्नांची उत्तरं देणार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.