हात दुसऱ्याच दिवशी का दुखतात?



मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव तुम्ही पाहिला असेल. १५३० साली बांधलेला, काठावर भगवती देवीचं मंदिर. एका रविवारी मी तिथं तासभर होडी वल्हवली. त्या संध्याकाळी काहीच त्रास झाला नाही. सोमवारी दंड ठणकू लागले आणि मंगळवारी फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात जाईना! पहिल्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, लॅक्टिक आम्ल साठला काय?"

प्रश्न हुशारीचा आहे. आपणही "अंग आंबलं" असं म्हणतोच की! पण जोराच्या श्रमात स्नायूंत वाढलेलं लॅक्टिक आम्ल साधारण तासाभरात पुन्हा कमी होतं. मग ते मंगळवारपर्यंत कसं दुखवेल?

खरं कारण वेगळं आहे. सवय नसलेलं काम केलं की स्नायूंच्या तंतूंना अगदी सूक्ष्म इजा होते. शरीर ती दुरुस्त करू लागतं, तिथं थोडी सूज येते आणि दुखणं जाणवतं. म्हणूनच ते उशिरा सुरू होतं, एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि बहुधा आठवड्याच्या आत जातं. दुरुस्त झालेला स्नायू पुढच्या वेळी तेच काम कमी दुखण्यात करतो.

हे पालकांनी समजून घ्यायला हवं. तालुक्याच्या स्पर्धेसाठी कबड्डीचा सराव सुरू होतो, दुसऱ्या दिवशी मूल कण्हत उठतं आणि घरातून हुकूम सुटतो, "उद्यापासून खेळ बंद!" शरीर तयार होऊ लागतं, नेमका तेव्हाच सराव थांबतो. त्याऐवजी एक-दोन दिवस हलका सराव, थोडं चालणं, पुरेशी झोप आणि पोटभर जेवण द्या. शिक्षकांनीही पहिल्याच दिवशी मुलांना दमवू नये. सराव हळूहळू वाढवावा.

मात्र खेळतानाच अचानक कळ आली, सांधा सुजला, दुखणं आठवडाभरात कमी झालं नाही किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

"कुठं दुखतं?" एवढंच मुलाला विचारू नका. "कधीपासून दुखतं?" हेही विचारा. निम्मं उत्तर त्यातच मिळतं.